फ्लॉरेन्सचें संबंधजाल: घनसमूह आणि पक्ष

अलीकडे इतिहासाच्या अभ्यासकांच्या हातीं एक नवें साधन आलें आहे, व त्याचा गवगवाहि पुष्कळ चालला आहे. माणसें किंवा घराणीं हे बिंदु मानावयाचे. त्यांच्यामधील सोयरीक, पत्रव्यवहार, देवघेव ह्या रेषा मानावयाच्या. आणि अशा रीतीनें जें जाळें तयार होतें त्यांत जेथें रेषांची दाटी दिसेल तेथें एक गट आहे असें गणितानें ठरवावयाचें. जाळें लहान असेल तर हें काम डोळ्यांनींहि होतें. लक्षावधि बिंदूंचें असेल तर संगणकावांचून गत्यंतर नाहीं. अशा दाट गटास आम्ही ह्या लेखांत 'घनसमूह' म्हणूं व सबंध जाळ्यास 'संबंधजाल' म्हणूं. गणित्यांनीं असे समूह काढण्याच्या रीति शोधल्या ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यांत बुद्धीचें तेज आहे. तक्रार आहे ती निराळी. समूह सांपडतांच 'हा पक्ष', 'हा तट', 'हे एका मसलतींतले लोक' असें जें लागलेंच लिहिलें जातें, तेथें आम्हांस थांबावेंसें वाटतें.

ह्या बाबतींत नुसत्या तत्त्वाची चर्चा करण्यापेक्षां एक प्रसिद्ध उदाहरण घेऊन तें तळापर्यंत तपासणें बरें. इटलींतील फ्लॉरेन्स नगरीच्या घराण्यांचें उदाहरण ह्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांस पाठ असतें. जॉन पॅजेट व ख्रिस्तोफर ॲन्सेल ह्या दोघां अमेरिकन विद्वानांनीं १९९३ सालीं मेदिची घराण्याच्या उदयावर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आधार डेल केंट ह्या विदुषीचा १९७८ सालचा ग्रंथ. त्या ग्रंथांत १४२६ ते १४३४ ह्या काळांतील फ्लॉरेन्सच्या पक्षांचा दप्तरें चाळून कसून शोध केलेला आहे. निबंधकर्त्यांनीं त्यांतून ९२ घराणीं घेऊन त्यांच्यामधील संबंधांची वर्गवारी केली. त्याच सामग्रीपैकीं १६ घराण्यांचें एक लहान कोष्टक रोनाल्ड ब्राइगर व फिलिपा पॅटिसन ह्यांनीं १९८६ सालींच छापलें होतें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं आज ह्या विषयाच्या संगणकी आज्ञासंग्रहांत तें आयतें भरून ठेवलेलें असतें. निबंध तीस वर्षांचा जुना असतां त्याचें परीक्षण आज कां, असें कोणी विचारील. निबंध थोडे वाचतात आणि कोष्टक सर्व वापरतात, हें त्याचें उत्तर आहे. निबंधांत जें सांगितलें आहे त्याच्या अगदीं उलट गोष्ट कोष्टकावरून शिकविली जातांना आढळते.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. फ्लॉरेन्स हें नांवाला प्रजासत्ताक. पण सत्ता कांहीं जुन्या श्रीमंत कुळांच्या मुठींत होती, व त्यांचा पुढारी रिनाल्दो आल्बित्सी. १४३३ च्या सप्टेंबरांत त्यानें आपला माणूस बेर्नार्दो ग्वादान्यी हा नगराध्यक्षाच्या जागीं असतां कोझिमो मेदिची ह्यास पकडून किल्लेवजा वाड्याच्या मनोऱ्यांत कोंडलें व पुढें हद्दपार केलें. बेर्नार्दोकडे सरकारी कराची बाकी तुंबल्यामुळें त्यास अधिकाराची जागा धरतां येत नव्हती. ती बाकी रिनाल्दोनेंच भरली, असें मॅकिआव्हेली लिहितो. एक वर्ष लोटलें नाहीं तोंच चक्र फिरलें. १४३४ च्या सप्टेंबरांत नवें मंडळ मेदिचींच्या बाजूचें आलें. रिनाल्दोनें हत्यारबंद माणसें जमविलीं. पण त्याचे सोबती एकेक करून कचरले. नगरींतील सर्वांत धनाढ्य पुरुष पाल्ला स्त्रोत्सी ऐन वेळीं माघारला. त्या वेळीं फ्लॉरेन्समध्येंच राहत असलेले पोप चौथे यूजीन मध्यस्थीस पडले, रिनाल्दोनें शस्त्र खालीं ठेवलें, आणि कोझिमो ऑक्टोबरांत परत आला. त्यानंतर रिनाल्दो, पाल्ला व त्यांच्या बाजूचे कित्येक हद्दपार झाले ते पुन्हां वर आले नाहींत.

आतां कोष्टकाकडे वळूं. सोळा घराण्यांपैकीं पुच्ची ह्या घराण्याची बाकीच्या पंधरांत एकहि सोयरीक नोंदलेली नाहीं. म्हणून बहुतेक लोक तें बाजूस काढून टाकतात. राहिलेल्या पंधरांत मिळून वीस सोयरिकी आहेत. मेदिचींच्या सहा: आच्चायुओली, आल्बित्सी, बार्बादोरी, रिदोल्फी, साल्व्हियाती आणि तोर्नाबुओनी. इतक्या दुसऱ्या कोणाच्याहि नाहींत. त्यांच्याखालोखाल स्त्रोत्सी व ग्वादान्यी ह्यांच्या चार चार. येथपर्यंत ठीक, शिक्षक येथेंच थांबून 'पाहा, ज्याच्या सोयरिकी अधिक तो विजयी' असें सांगून मोकळा होतो. पण आमचा प्रश्न दाटीचा आहे.

दाटी कोठें आहे? पेरुत्सी, स्त्रोत्सी, कास्तेल्लानी आणि बिस्केरी हीं चार घराणीं घ्या. चौघांत जास्तींत जास्त सहा सोयरिकी संभवतात; त्यांपैकीं पांच प्रत्यक्ष झालेल्या आहेत. फक्त कास्तेल्लानी व बिस्केरी ह्यांची एकमेकांत नाहीं. सबंध कोष्टकांत ह्याहून दाट चौकडी नाहीं. उलट मेदिचींचे सहा सोयरे घ्या. सहांच्या जोड्या होतात पंधरा. त्यांपैकीं रिदोल्फी व तोर्नाबुओनी ही एकच जोडी आपसांत जुळलेली आहे. बाकीच्या चौदा जोड्यांत कांहीं संबंध नाहीं. म्हणजे घनसमूह कोणाचा, तर जे हरले त्यांचा. जे जिंकले त्यांच्या भोंवतालीं रेषा आहेत, पण त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळ्या तुंब्यांत येऊन मिळतात. आऱ्याआऱ्यांत बांधणी नाहीं.

ही गोष्ट किती महत्त्वाची आहे! आमच्या नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत; त्यांपैकीं पहिले दोन येथें एकदम उभे राहतात. 'जो घनसमूह तो पक्ष' असें लक्षण केलें तर मेदिचींचा पक्ष, जो त्या काळचा सर्वांत एकजीव पक्ष होता, लक्षणाच्या बाहेर पडतो. ही अव्याप्ति. आणि पेरुत्सी-स्त्रोत्सींची चौकडी, जिला ऐन प्रसंगीं एका ठिकाणीं उभें राहतां आलें नाहीं, ती मात्र लक्षणांत पक्की बसते. ही अतिव्याप्ति. ज्या लक्षणांत हे दोन्ही दोष एकाच उदाहरणांत दिसतात तें टाकून द्यावें कीं नुसतें सुधारावें, हा प्रश्न आहे.

पॅजेट व ॲन्सेल ह्यांनीं तें टाकलेंच आहे, व हें त्यांच्या निबंधाचें खरें श्रेय आहे. त्यांची रीत घनसमूह शोधण्याची नव्हे. कोणकोणतीं घराणीं इतरांशीं सारख्याच रीतीनें बांधलेलीं आहेत हें ते पाहतात, आणि अशा समस्थान घराण्यांचा एक एक वर्ग करतात. दोन घराण्यांत आपसांत कांहीं संबंध नसला, पण दोघेंहि मेदिचींकडेच पाहत असलीं, तर तीं एका वर्गांतलीं. ह्या दृष्टीनें पाहिल्यावर त्यांस दिसलें तें असें: मेदिचींचे अनुयायी एकमेकांस मेदिचींच्या द्वारेंच ओळखत. सोयरीक मेदिचींनीं केली ती आपल्या वस्तीबाहेरच्या जुन्या कुळांशीं. व्यापार व आश्रय दिला तो मुख्यत्वें आपल्या वस्तींतल्या नव्यानें वर आलेल्या लोकांस. अशा अनुयायांस मेदिचींस सोडून एकमेकांशीं संगनमत करण्यास मार्गच नव्हता. उलट पक्षाचीं कुळें परस्परांत इतकीं गुंतलेलीं कीं प्रत्येकास स्वतःचें मत, स्वतःचे सोयरे आणि स्वतःचा मान. मग हुकूम कोणाचा चालावा? पाल्ला स्त्रोत्सी माघारला तो एकटेपणामुळें नव्हे. आपण कोणाच्या हाताखालचे नव्हों ही जाणीव त्यास होती, म्हणून माघारला, असें आम्हांस वाटतें.

त्यांचे सर्व विवेचन आम्हांस मान्य आहे असें मात्र नाहीं. सोयरीक एकाशीं आणि व्यवहार दुसऱ्याशीं, ही दोहोंची फारकत ते सिद्धांत म्हणून मांडतात. ९२ घराण्यांच्या पसाऱ्यांत ती दिसत असेल. पण ज्या सोळांच्या कोष्टकावर विद्यार्थ्यांचा अभ्यास होतो त्यांत व्यवहाराचीहि निराळी यादी आहे. तींत मेदिचींचे पांच संबंध आहेत: बार्बादोरी, जिनोरी, पात्सी, साल्व्हियाती आणि तोर्नाबुओनी. ह्यांपैकीं बार्बादोरी, साल्व्हियाती व तोर्नाबुओनी हे सोयरेहि आहेत. पांचांत तीन! फारकतीचा सिद्धांत ह्या कोष्टकावरून कोणी शिकवूं लागला तर शहाणा विद्यार्थी हात वर करील. शिवाय व्यवहाराच्या ह्या यादींत आल्बित्सी व स्त्रोत्सी ह्यांचा एकहि संबंध नोंदलेला नाहीं. म्हणजे केवळ देवघेवीवरून समूह काढले तर एका पक्षाचा सेनापति आणि त्याचा सर्वांत मोठा धनको दोघेहि चित्रांतून नाहींसे होतात. कोणता संबंध रेषा म्हणून धरावयाचा हें आधीं ठरवावें लागतें, आणि तें गणित ठरवीत नाहीं.

आतां गणिताच्या रीतीकडे येऊं. सध्यां सर्वांत रूढ मापास 'मॉड्युलॅरिटी' म्हणतात. आम्ही 'विभागमान' म्हणूं. मार्क न्यूमन व मिशेल गर्व्हन ह्यांनीं २००४ सालीं तें सुचविलें. कल्पना सोपी आहे. समजा, बिंदूंचे कांहीं गट पाडले. तर एकूण रेषांपैकीं किती हिस्सा गटांच्या आंतच राहिला तें मोजावें. मग प्रत्येक बिंदूच्या रेषांची संख्या तीच ठेवून रेषा नुसत्या दैवावर जोडल्या असत्या तर किती हिस्सा आंत राहिला असता तें काढून वजा करावें. उरेल तें विभागमान. जितकें मोठें तितकी विभागणी चांगली. संगणक हजारों विभागण्या करून पाहतो व सर्वांत मोठें मान देणारी उचलतो. पंधरा घराण्यांसाठीं संगणक कशाला? आमच्या आयुष्याची उमेद शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेली; तरीहि हा हिशेब आम्हीं पाटीवर करूं शकलों, तेव्हां वाचकांनींहि करून पाहावा.

पहिली विभागणी तीन गटांची. एकांत पेरुत्सी, स्त्रोत्सी, कास्तेल्लानी, बिस्केरी व बार्बादोरी. दुसऱ्यांत मेदिची, आच्चायुओली, रिदोल्फी, तोर्नाबुओनी, साल्व्हियाती व पात्सी. तिसऱ्यांत आल्बित्सी, जिनोरी, ग्वादान्यी व लांबेर्तेस्की. गटांच्या आंतल्या सोयरिकी अनुक्रमें ६, ६ व ३; मिळून वीसांपैकीं १५, म्हणजे ०.७५. रेषांच्या टोकांची बेरीज अनुक्रमें १५, १६ व ९; त्यांचे वर्ग २२५, २५६ व ८१, मिळून ५६२; ह्यास एकूण चाळीस टोकांच्या वर्गानें, म्हणजे १६०० नें, भागलें कीं ०.३५१२५. वजाबाकी ०.३९८७५. आम्हीं करून पाहिलेल्या विभागण्यांत हीच सर्वांत मोठी ठरली.

आतां साल्व्हियाती व पात्सी ह्या दोघांस मेदिचींपासून वेगळे काढून त्यांचा चौथा गट करा. विभागमान येतें ०.३९७५. फरक हजारांत सव्वा! ह्या चार गटांच्या मांडणींत आणखी एक गंमत आहे. बार्बादोरी घराणें स्त्रोत्सींच्या गटांत ठेवा किंवा तेथून उचलून मेदिचींच्या गटांत टाका, उत्तर तेंच ०.३९७५, एका अंकाचाहि फेर नाहीं. गणिताच्या लेखीं बार्बादोरी कोणीकडे आहेत ह्या प्रश्नाला अर्थच नाहीं. इतिहासाच्या लेखीं मात्र आहे. कारण मेदिचींची सोयरीक असूनहि निक्कोलो बार्बादोरी हा कोझिमोच्या नाशाविषयीं आग्रही असलेल्यांत होता, हें मॅकिआव्हेलीनें सविस्तर लिहून ठेवलें आहे. तीन गटांच्या मांडणीनें त्यास बरोबर बाजूस घातलें, असें म्हणून कोणी टाळी वाजवील. पण तीच मांडणी जिनोरींस आल्बित्सींच्या गटांत घालते, कारण त्यांची ह्या कोष्टकांतली एकुलती एक सोयरीक आल्बित्सींशीं आहे. आणि जिनोरी तर मेदिचींच्या बाजूचे. एका ठिकाणीं लागलेला बाण दाखवावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणीं चुकलेला लपवावयाचा, हा न्याय नव्हे.

अशीं जवळजवळ सारख्याच मानाचीं अनेक उत्तरें निघणें हा केवळ लहान कोष्टकाचा दोष नाहीं. बेंजामिन गुड व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालीं मोठ्या जाळ्यांविषयींहि हेंच दाखवून दिलें. सर्वोच्च म्हणून एक उत्तर हातीं येतें, पण त्याच्या शेजारीं जवळजवळ तितक्याच उंचीचीं अनेक उत्तरें असतात, आणि तीं परस्परांपासून पुष्कळ भिन्न असूं शकतात. त्याहि आधीं, २००७ सालीं सांतो फोर्तुनातो व मार्क बार्तेलेमी ह्यांनीं दुसरें व्यंग उघड केलें. ह्या मापाची गजकाठी सबंध जाळ्याच्या एकूण रेषांवर अवलंबून असते. त्यामुळें जाळें जसजसें मोठें होतें तसतसे लहान पण स्पष्ट समूह शेजाऱ्यांत मिसळून दिसेनासे होतात. दहा घरांची वाडी कोणत्या नकाशावर दिसेल, हें वाडीवर नव्हे तर नकाशाच्या प्रमाणावर ठरावें, तसेंच हें. आणि केवळ दैवावर जोडलेल्या जाळ्यांतहि बरेंच मोठें विभागमान निघूं शकतें, हें गिमेरा प्रभृतींनीं २००४ मध्यें सांगितलें होतें. २००८ सालीं ब्लाँडेल व त्यांच्या मंडळीनें लूव्हेंची जी अतिशय जलद रीत काढली, तिच्या उत्तरांत एखादा समूह आंतून तुटकाहि असूं शकतो, असें २०१९ सालीं त्राग, वॉल्टमन व व्हॅन एक ह्यांनीं दाखवून लायडेनची सुधारलेली रीत दिली. गणिती आपल्या साधनाचे दोष असे स्वतःच उघडे करतात, ही त्यांची सचोटी. इतिहासकार साधन घेतात, पण सोबतचा हा इशारा घेत नाहींत.

साल्व्हियाती व पात्सी ह्या जोडीविषयीं आणखी थोडें लिहिणें अवश्य आहे. इटलीचा इतिहास वाचलेल्यास हीं दोन नांवें एकत्र दिसतांच १४७८ साल आठवेल. त्या वर्षीं एप्रिलच्या २६ तारखेस पात्सी कुळानें पिसाचा आर्चबिशप फ्रांचेस्को साल्व्हियाती ह्याच्या संगनमतानें कॅथीड्रलमध्यें मेदिची बंधूंवर घाला घातला. जूलियानो ठार झाला, लोरेन्झो वांचला. आणि येथें तर १४३४ पूर्वींच्या सोयरिकींच्या गणितानें तीच दोन घराणीं मेदिचींपासून अलग काढून दाखविलीं! चव्वेचाळीस वर्षें आधीं भविष्य वर्तविलें, असा मथळा देण्याचा मोह एखाद्यास आवरणार नाहीं. पण हा शुद्ध काकतालीय न्याय आहे. जोडी अलग निघाली तिचें कारण एवढेंच कीं पात्सींची ह्या पंधरांत एकच सोयरीक आहे, ती साल्व्हियातींशीं. आणि साल्व्हियातींच्या दोनच, एक पात्सींशीं व दुसरी मेदिचींशीं. दोरीच्या टोंकाला दोन मणी लोंबत असले कीं कात्री तेथें सहज चालते. त्याच कोष्टकाच्या दुसऱ्या पानावर, व्यवहाराच्या यादींत, पात्सी व साल्व्हियाती दोघेहि थेट मेदिचींशीं जोडलेले आहेत. शिवाय १४५९ सालीं लोरेन्झोची बहीण ब्यांका ही गुल्येल्मो पात्सी ह्यास दिली गेली. म्हणजे कटाच्या वेळीं हीं दोन कुळें १४३४ पेक्षां जवळ आलेलीं होतीं, दूर गेलेलीं नव्हतीं. सोयरिकीची रेषा ओढून स्नेह सिद्ध होत नाहीं, हें आपल्याकडील भाऊबंदकीच्या इतिहासानें आम्हांस पुरेसें शिकविलें आहे. नाना फडणीस व मोरोबा फडणीस हे चुलतभाऊ, दोघेहि बारभाईंतले. आणि १७७८ सालीं मोरोबानें राघोबादादाची बाजू धरून नानांस पुण्याच्या कारभारांतून कांहीं काळ दूर सारलें. ह्या दोघांमधील नात्याची रेषा नकाशावर किती ठळक काढाल?

दुसरा प्रश्न बिंदूचा. घराणें हा एक बिंदु धरला कीं तें एक मनाचें, एक हाताचें असें गृहीत धरलें जातें. रिनाल्दो आल्बित्सीचा सख्खा भाऊ लूका हा मेदिचींच्या बाजूचा होता. रिनाल्दो हद्दपार झाला आणि लूका नगरींत मानानें राहिला. कोष्टकांत दोघे मिळून एक टिंब. मेदिची व आल्बित्सी ह्यांमधील सोयरिकीची रेषा त्या टिंबापर्यंत येऊन थांबते. टिंबाच्या आंत दोन भावांमध्यें जी भिंत होती ती दिसत नाहीं. हा दोष गणिताचा नव्हे, नोंद करणाराचा आहे. पण उत्तर येतें तें मात्र गणिताच्या नांवानें.

तिसरी गोष्ट साधनांची, आणि ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस ती सर्वांत जवळची. मेदिचींचा १४३४ पूर्वींचाहि खासगी पत्रव्यवहार फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरखान्यांत मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. जेत्याचें दप्तर राहतें, हद्दपार झालेल्याचें विखुरतें. ज्याचे कागद अधिक त्याच्या रेषा अधिक, हें उघड आहे. शिवाय केंटबाईंनीं जी सामग्री जमविली ती पक्षांचाच शोध करण्याकरितां. त्या सामग्रीवरून जाळें विणून त्यांतून पक्ष निघाले म्हणजे शोध सिद्ध झाला असें म्हणणें अन्योन्याश्रयाच्या फार जवळ जातें. पॅजेट व ॲन्सेल ह्यांस ह्याचें भान असावें, कारण ते घराण्यांच्या संपत्तीची, वस्तीची व प्राचीनतेचीहि स्वतंत्र तपासणी करतात. त्यांचें कोष्टक उसनें घेणारे ती करीत नाहींत.

आपल्याकडे उद्यां कोणी मराठी पत्रांवर हा प्रयोग करूं म्हणेल, आणि करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गो. स. सरदेसाई ह्यांनीं १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तरांतून जे ४५ भाग छापले ते निवडलेल्या कागदांचे आहेत, हें त्यांच्या नांवांतच आहे. निवड ही संपादकाच्या दृष्टीनें झाली. एखाद्या मसलतीचे कागद एके ठिकाणीं दाट छापले गेले तर तेथें दाटी दिसणारच. ती त्या काळच्या माणसांची दाटी कीं संपादकाच्या मेजावरची? शिवाय आपल्या पत्रांत नुसतें 'बापू', 'दादा', 'नाना', 'तात्या' असें येतें. दोन बापूंचा एक बिंदु केला कीं ज्यांनीं जन्मांत एकमेकांचें तोंड पाहिलें नाहीं असे दोन समूह एकमेकांस चिकटतात. ज्यास पत्राचा मायना वाचून लिहिणारा ओळखतां येत नाहीं त्यानें जाळें विणावयास बसूं नये. आधीं कागद, मग कोष्टक.

इतकें लिहूनहि आम्ही ह्या रीतीचे वैरी नाहीं. जेथें प्रश्न साधा आहे व संबंध सर्वच्या सर्व नोंदले गेले आहेत तेथें ती चोख काम करते. लूव्हेंच्या मंडळीनें बेल्जममधील वीस लाखांहून अधिक मोबाइलधारकांच्या बोलण्याच्या जाळ्यावर ती चालविली, तेव्हां फ्रेंच बोलणारे व डच बोलणारे असे समूह, कोणाचीहि भाषा न विचारतां, जवळजवळ निर्भेळ वेगळे निघाले. झॅकरी ह्यानें १९७७ सालीं अमेरिकेंतील एका कराटे मंडळाच्या ३४ सभासदांचा अभ्यास छापला. तो स्वतः त्या मंडळाचें वर्तन पाहत असतांना शिक्षक व व्यवस्थापक ह्यांचें भांडण होऊन मंडळाचीं दोन शकलें झालीं. मैत्रीच्या जाळ्यावरून त्यानें फूट कोठें पडेल तें काढलें, आणि एक सभासद सोडून सर्व बरोबर आले. पण आम्हांस त्या एकाचीच गोष्ट अधिक बोधक वाटते. त्याचे मित्र व्यवस्थापकाच्या बाजूचे. तरी तो शिक्षकाबरोबर गेला, कारण त्याची काळ्या पट्ट्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि शिक्षकास सोडलें असतें तर केलेली मेहनत वायां जाती. हें कारण झॅकरीस कळलें तें तो तेथें हजर होता म्हणून. चारशें वर्षांपूर्वींच्या माणसाची अशी 'परीक्षा' कोठें होती, तें त्याच्या कागदांतच शोधावें लागतें.

आरंभीं बाजूस ठेवलेल्या पुच्ची घराण्याविषयीं एक शब्द सांगावयाचा राहिला. सोयरिकीच्या यादींत त्याचा एकहि दुवा नाहीं, व्यवहाराच्या यादींतहि नाहीं. म्हणून हिशेब करणारे त्यास पहिल्याच पायरीवर वगळतात, आणि आम्हींहि वरचा हिशेब त्यास वगळूनच केला. त्या घराण्याचा कर्ता पुरुष पुच्चो पुच्ची. त्याची सल्लामसलत व धोरण इतकें नामांकित होतें कीं, मॅकिआव्हेलीच्या म्हणण्याप्रमाणें, फ्लॉरेन्सचे लोक मेदिचींच्या पक्षास कोझिमोच्या नांवानें न ओळखतां पुच्चोच्या नांवानें ओळखत.